चित्रपटांच्या डीव्हीडी कपाटात कोंडायच्या की पुस्तकांशेजारी मांडायच्या?

रावपुरेकर
आमच्या बडोद्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात डीव्हीडी काउंटरमागच्या कुलूपबंद कपाटात आहेत, दाखल क्रमांकानं, म्हणजे खरेदीच्या क्रमानं लावलेल्या. नोंदीत नुसतं नाव. नाव ठाऊक नसेल तर चित्रपट सापडतच नाही. माझं म्हणणं, त्या विषयवार पुस्तकांशेजारी ठेवा. हातमागावरचा माहितीपट कापडाच्या ६७७ या आकड्यापाशी (ड्युई पद्धतीत प्रत्येक विषयाला असा आकडा असतो) दिसला, तर पुस्तक शोधायला आलेला विद्यार्थी तोही नेईल. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना आणून इथं ग्रंथालयं उभी केली. त्याच ग्रंथालय खात्यानं पुढे गावोगाव चलच्चित्रं दाखवली. त्या बडोद्यात चित्रपट कुलपात? मला हे सहन होत नाही.

फतेगंजवाली
दादा, मी ग्रंथालयातच नोकरी करते. उघड्या फळीवर डबी राहते आणि डिस्क जाते. दाखल क्रमांकाचा फायदाही बघा: नवी डिस्क शेवटी ठेवायची, मधली रांग सरकवावी लागत नाही. कथापटांना तर ड्युईत ७९१.४३ च्याच आसपास जागा. शेकडो चित्रपट एका आकड्याखाली आले की विषयवार मांडणीला अर्थ काय उरला? शोधून देणं हे कॅटलॉगचं काम आहे.

प्रतापनगरचे काका
ताई, मग कॅटलॉग तरी नीट करा! प्रभातनं १९३७ साली एकच कथा मराठीत ‘कुंकू’ आणि हिंदीत ‘दुनिया न माने’ म्हणून काढली. चित्रपटाची मुख्य नोंद नावाखाली होते, त्यामुळे या दोन नोंदी एकमेकींपासून कोसभर लांब पडतात. दोन्हींत शांताराम आणि शांता आपटे यांची नावं हवीत, एकीतून दुसरीकडे बोट दाखवलेलं हवं. मूळ कादंबरी ना. ह. आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’. ती मराठी कादंबऱ्यांत असली, तर तिच्या नोंदीतही चित्रपटाचा उल्लेख करा. मराठी शिकणाऱ्या मुलांना दोन्ही शेजारी ठेवून अभ्यासता येईल.

रावपुरेकर
काका, अगदी पटलं. पण विद्यार्थी फळ्या चाळतात, कॅटलॉग उघडतात थोडेच. रिकाम्या डब्या बाहेर मांडा, डिस्क काउंटरवर द्या. चोरीची भीती मिटली.

फतेगंजवाली
माहितीपटांपुरतं चालेल. कथापटांना माझा विरोध कायम आहे, डब्यांना जागा कुठून आणू? आणि मांडणीआधी डिस्क तरी वाचवा. कागदी लेबल चिकटवलेल्या डिस्कचा तोल जातो, त्या ड्राइव्हमध्ये थरथरतात, अडकतात. क्रमांक मधल्या पारदर्शक कड्यावर डिस्कसाठीच्या मार्करनं लिहावा.

प्रतापनगरचे काका
लेबलांचं लगेच करा. नोंदींचं काम मोठं आहे, पण मराठी आणि गुजराती चित्रपटांपासून सुरू करा. इंग्रजी चित्रपटांच्या तयार नोंदी बाहेरून उतरवून घेता येतात, आपल्या बऱ्याच चित्रपटांच्या आपल्यालाच लिहाव्या लागतील.