टार्जिओनिया की प्लॅजिओकाझ्मा?

खानापूर तालुक्यातील (जि. बेळगाव) जांभ्या दगडाच्या गडग्यावरील दोन्ही यकृतका (शेवाळासारख्या, जमिनीलगत पट्टीसारख्या पसरणाऱ्या छोट्या वनस्पती) एकाच जातीच्या असून फरक केवळ ओलाव्याचा आहे, असे त्यांच्या छायाचित्रांविषयी एकाने म्हटले आहे. त्याविषयी थोडे लिहितो. टार्जिओनिया हायपोफिला आणि प्लॅजिओकाझ्मा अपेंडिक्युलेटम या दोन्ही जाती पश्चिम घाटात आढळतात, दोघींच्याही खालच्या बाजूस जांभळट खवले असतात आणि उन्हाने सुकताना कडा आत वळून तेच खवले वर दिसू लागतात. त्यामुळे सुकलेल्या अवस्थेतील छायाचित्रावरून निर्णय देणे मला धोक्याचे वाटते.

खरी खूण जननांगांच्या जागेत आहे. टार्जिओनियाच्या पट्टीच्या टोकाखाली, शिंपल्यासारखे दोन झडपांचे काळपट जांभळे आवरण असते आणि बीजाणूंची कुपी त्यातच राहते. तिथे जननांगे धरणारी छत्री उभी राहत नाही. प्लॅजिओकाझ्मात मात्र देठावरची छोटी छत्री पट्टीच्या वरच्या पृष्ठभागावरून, बहुधा मध्यरेषेवरूनच, उगवते. ती टोकातून फुटलेली दिसली, तर अॅस्टरेलासारख्या तिसऱ्या वंशाचाही विचार करावा लागेल. जननांगे नसतील तर भिंगातून पट्टीवरची रंध्रे (हवेची बारीक छिद्रे) पाहावीत: टार्जिओनियाची रंध्रे पांढऱ्या ठिपक्यांसारखी स्पष्ट असतात. पट्टीची रुंदीही उपयोगी पडते, कारण टार्जिओनिया सहसा अरुंद असते. पण केवळ तिच्यावर विसंबू नये.

याच तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीकडे जाणाऱ्यांनी कृपया वरून आणि खालून, अशी दोन्ही छायाचित्रे घ्यावीत. त्यासाठी एकच पट्टी हलकेच उलटावी, पट्ट्यांची दाट गादी खरवडू नये.