शब्दचर्चा : 'वाचवत नाही' ही दाद की तक्रार?

प्रश्न

आम्ही काही मित्रमैत्रिणी नुकत्याच वाचलेल्या कादंबऱ्या आणि आत्मकथनं यांबद्दल एकमेकांना कळवत असतो. एकीने एका आत्मकथनाबद्दल एवढंच लिहिलं, 'मला ते पुढे वाचवलं नाही.' लगेच दोघांनी ते पुस्तक आपापल्या यादीतून काढून टाकलं. तिला मात्र ते मोलाचं वाटलं होतं. लहानपणच्या उपासमारीचं प्रकरण सहन होईना, म्हणून तिने ते मिटलं होतं. मग 'वाचवत नाही' याचा अर्थ नेमका काय घ्यायचा?

प्रतिसाद

हे शक्य क्रियापद आहे. 'मला चालवत नाही', 'तिला बोलवेना' यांच्याच जातीचं. 'मी वाचत नाही' म्हटलं की सवय किंवा मर्जी कळते. 'मला वाचवत नाही' म्हटलं की मर्जी असूनही आपल्याच्याने होत नाही, हे कळतं. का होत नाही, ते मात्र या रूपात कुठेच नाही. डोळे दुखत असतील, मजकूर रटाळ असेल, नाहीतर जीव कासावीस होत असेल. तुमच्या मैत्रिणीचं वाक्य बरोबरच आहे, फक्त कारण सांगायचं राहिलं.

जाता जाता : कर्ता 'मला', 'तिला', 'माझ्याने' असा आला तरच हा अर्थ. 'तो त्याला वाचवत नाही' असं म्हटलं की गोष्ट जीव वाचवण्याची होते.

प्रतिसाद

माझं म्हणणं थोडं पुढचं आहे. 'पुस्तक खाली ठेववत नाही' हेही त्याच घडणीचं वाक्य, आणि ती तर आपली सगळ्यात लाडकी शाबासकी! रहस्यकथा असो की मोठी कौटुंबिक कादंबरी, पहाटेपर्यंत जागवणाऱ्या पुस्तकाला आपण हेच म्हणतो. तेव्हा या रूपालाच नकाराचा वास येतो असं मानायचं कारण नाही. दोन्हीकडे पुस्तक आपल्याला पुरून उरलेलं असतं.

'वाचवत नाही' हे मी कादंबरीपेक्षा आत्मकथनाबद्दलच जास्त ऐकलंय, आणि ते मला पटतं. कादंबरीत मारहाणीचा प्रसंग आला, तर 'हे लेखकाने रचलंय' असं म्हणून वाचक जरा मागे सरकू शकतो. आत्मकथनात ती सोय नाही. ज्याच्या पाठीवर वळ उठले, तोच सांगत असतो. दया पवारांचं 'बलुतं' (1978) पाहा. त्यात लेखक दगडू मारुती पवार या आपल्याच जुन्या नावाला समोर बसवून बोलतं करतो. स्वतःचं जगणं सांगताना लिहिणाऱ्यालाही असं अंतर घ्यावंसं वाटतं, तर वाचणाऱ्याचा हात मध्येच थांबला यात नवल नाही. अशा जागी 'वाचवलं नाही' ही मी पुस्तकाला दिलेली दादच समजते.

प्रतिसाद

दाद मान्य. पण ऐकणाऱ्याला ती ऐकू यायला हवी ना? 'कंटाळा आला, पुढे सरकलं नाही' आणि 'जिवाला लागलं, पुढे वाचवलं नाही' हे दोन अभिप्राय मित्रांपर्यंत वेगवेगळेच पोचले पाहिजेत. चार शब्द जास्त लिहायला काय हरकत आहे?

याच ओघात 'वाचनीय'बद्दलही बोलू. पूजनीय म्हणजे पूजेला योग्य, तसं वाचनीय म्हणजे वाचायला योग्य. हल्ली मात्र एका बैठकीत वाचून होणाऱ्या पुस्तकाला सर्रास वाचनीय म्हणतात. त्यासाठी 'ओघवतं' हा चांगला शब्द आहे की. वाचनीय हा शब्द योग्यतेसाठीच राखला, तर 'अतिशय वाचनीय आहे, पण मला सलग वाचवत नाही' हे वाक्य बिनतोड उभं राहतं. मी स्वतः काही आत्मकथनांबद्दल असंच लिहीन.

प्रतिसाद

एक बारीक भर. 'वाचवत नाही' आणि 'वाचवेना' यांतही फरक जाणवतो. पहिल्यात कायमचा सूर लागू शकतो : मला भयकथा वाचवत नाहीत, म्हणजे कधीच नाहीत. 'वाचवेना' त्या वेळेपुरतं असतं. उपासमारीच्या पानांवर हात थांबला असेल आणि पुस्तक पुन्हा उघडायचं मनात असेल, तर 'त्या प्रकरणापाशी वाचवेना' असं लिहावं. ते ऐकून कुणी पुस्तक यादीतून काढणार नाही.