लंडनमधला फ्लॅट: ग्राउंड रेंट रद्द झालं ना?

प्रश्न: ९९ वर्षांची लीज, ८३ उरली. २०२२ च्या कायद्यानंतरही ग्राउंड रेंटची, म्हणजे मूळ मालकाला दरवर्षी द्यायच्या भाड्याची, मागणी येते. भरायचं का?

उत्तर १: हो. तो कायदा ३० जून २०२२ पासूनच्या नव्या लीजपुरता. तिथे भाडं मिरीचा एक दाणा, म्हणजे शून्य. जुन्या लीजधारकांना वगळलं, हा अन्यायच आहे.

उत्तर २: आधी नोटीस बघा. ठरावीक नमुन्यात हवी आणि भरण्याची तारीख नोटिशीनंतर ३० ते ६० दिवसांतली. नसेल तर देणं लागत नाही.

उत्तर ३: उरलेली मुदत ८० वर्षांच्या खाली जायच्या आत कायदेशीर मुदतवाढ (कायद्याने दिलेल्या हक्काने लीज वाढवणं) मागा, नंतर किंमत चढते. भाडं लगेच शून्य होतं. मालकाशी परस्पर करारात मात्र जुन्या मुदतीपुरतं भाडं चालू राहू शकतं. लोक तिथेच फसतात.