मदत हवी आहे: हिमॅटोकोकस लाल होत नाहीये

हिरवट: हिमॅटोकोकस या शेवाळाचं कल्चर (बाटलीत वाढवलेल्या पेशी) मस्त हिरवं झालंय, पण लाल व्हायचं नाव नाही. लाइट वाढवून बघितला, तरी तेच. उलट काही बाटल्यांचा रंगच उडाला. मला त्यातलं लाल रंगद्रव्य, अ‍ॅस्टाझॅन्थिन, हवंय. जरा लवकर सांगा.

बाटलीवाला: मीडियम (पेशी वाढवायचं खतपाणी) कोणतं? तापमान? हवा कशी देता? इथे कोणी ज्योतिषी नाही.

खारंपाणी: हिमॅटोकोकसचा नाद सोडा, डुनालिएला सलायना हे खाऱ्या पाण्यातलं शेवाळ लावा. एवढ्या मिठात बाकी फारसं काही टिकत नाही, आणि त्यातलं नारिंगी रंगद्रव्य, बीटा कॅरोटीन, कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत जातं. तुमचं अ‍ॅस्टाझॅन्थिन ४ टक्के मिळालं तरी लोक नाचतात.

बाटलीवाला: अहो, त्यांना अ‍ॅस्टाझॅन्थिनच हवंय ना!

हिरवट: मीडियम नेहमीचंच, बीजी-११. तापमान खोलीचं. पंप फुल्ल.

पेशीबाई: तिथेच घोडं अडलंय. बीजी-११ मध्ये लिटरला दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट असतं, बोल्ड बेसल या दुसऱ्या मीडियममध्ये फक्त पाव ग्रॅम. खायला नायट्रोजन भरपूर असताना पेशी कशाला लाल होतील? पेशी खाली बसू द्या, वरचं पाणी काढा, बिननायट्रेटच्या मीडियममध्ये घाला आणि मग उजेड वाढवा. पंपही कमी करा, शेपट्यावाल्या पोहणाऱ्या पेशी फार नाजूक असतात.

उजेडमास्तर: नायट्रोजनचं एवढं कौतुक नको. नुसत्या प्रखर उजेडानेही लाल होतं, मी केलंय.

पेशीबाई: दाट कल्चर असेल तुमचं. विरळ कल्चरवर एकदम प्रखर उजेड टाकला की पेशी पांढऱ्या पडून मरतात. यांच्या बाटल्यांचं बहुधा तेच झालंय.

नवाभिडू: चेहऱ्यासाठी रोज किती घ्यायचं हे? कॅप्सूल जेवणाआधी की नंतर?

बाटलीवाला: वेगळा धागा काढा हो. हिरवट, मायक्रोस्कोपखाली काय दिसतंय? आणि खोलीचं म्हणजे किती?

हिरवट: दुपारी ३२. बऱ्याच पेशी पोहतायत, काही गोल होऊन थांबल्यात, मध्ये लालसर ठिपका.

बाटलीवाला: ३२ जास्त आहे. वाढीच्या टप्प्यात २० ते २५ ठेवा.

पेशीबाई: ठिपका म्हणजे सुरुवात झालीय, लाली मधूनच बाहेर पसरते. पण पुढचं आत्ताच ठरवा: लाल पेशीची भिंत इतकी जाड असते की ती फोडल्याशिवाय रंग नीट सुटत नाही. बीड मिल (बारीक मण्यांनी पेशी फोडायचं यंत्र) आहे का?

हिरवट: नाही. ती पण लागते?

खारंपाणी: डुनालिएलाला अशी भिंतच नसते. सहज सांगितलं.