एडिट बॉक्समध्ये १२५ टाइप केलं की ५२१ दिसतंय, ईएन_चेंजमध्ये काय चुकतंय?

यार्डातला_भाचा:
नमस्कार मंडळी. मामाचं मार्केट यार्डात भुसाराचं दुकान आहे, त्याच्यासाठी बिलाचं छोटं सॉफ्टवेअर करतोय, साधं सी++ आणि विन३२ (विंडोजची मूळ फंक्शनं थेट वापरायची), कारण त्याचा पीसी इतका म्हातारा आहे की जड काही टाकलं की मान टाकतो. रकमेच्या एडिट बॉक्समध्ये टाइप करता करता आपोआप स्वल्पविराम पडायला हवेत असा मामाचा हट्ट, म्हणजे १२५००० चं १,२५,०००. मी डब्ल्यूएम_कमांड मेसेजमध्ये ईएन_चेंज (बॉक्समधला मजकूर बदलला की येणारी सूचना) पकडला, मजकूर वाचला, स्वल्पविराम घातले आणि सेटविंडोटेक्स्ट या फंक्शनने परत टाकला. पहिलं बटण दाबलं की प्रोग्रॅम गायब, स्टॅक ओव्हरफ्लो (फंक्शनच्या हाकांसाठीची जागा संपली). मग तोच कोड परत आत शिरू नये म्हणून एक बूलियन फ्लॅग (हो-नाहीची खूण) लावला, आता बंद पडत नाही पण १२५ टाइप केलं की ५२१ येतंय. मामा म्हणतो, आता गिऱ्हाईकाला उलटं बिल देऊ का? शिवाय तो आकडे मराठी कीबोर्डवरून टाकतो ते वेगळंच. काय करू?

पेठेतला_पॉइंटर:
दोन्ही रोगांचं मूळ एकच. सेटविंडोटेक्स्ट परत यायच्या आधीच ईएन_चेंज तुझ्या विंडो प्रोसीजरला (मेसेज हाताळणाऱ्या फंक्शनला) येऊन धडकतो, म्हणजे तू त्याच्याच पोटात बसून त्यालाच हाक मारतोयस, स्टॅक साधारण १ एमबीचा, कितीसा पुरणार. (मल्टिलाइन बॉक्सला असा मजकूर घातला तर ईएन_चेंज येतच नाही, त्यामुळे तिथे चाललेला कोड इथे मरतो. हे कळायला मला अख्खा रविवार लागला होता.) आणि ५२१ का, तर सगळा मजकूर नव्याने घातला की कर्सर सुरुवातीला जाऊन बसतो. १ लिहिलास, कर्सर त्याच्या पुढ्यात, २ लिहिलास की २१, मग ५२१. ईएम_सेटसेल मेसेजने कर्सर शेवटी नेता येतो पण मामाने मधलाच आकडा खोडला तर? उजवीकडून किती आकडे होते ते मोजून कर्सर परत तिथेच लावायचा, आणि तेवढं करूनही कंट्रोल झेडचं वाटोळं होतंच, कारण सेटविंडोटेक्स्टने अनडू पुसला जातो.

कोथरूडकर_०७:
ईएन_अपडेट वापर ना मग, तो चेंजच्या आधी येतो.

पेठेतला_पॉइंटर:
आधी येतो म्हणजे स्क्रीनवर रंगवायच्या आधी येतो हो, मजकूर तोवर बदललेला असतो. तिथून सेटविंडोटेक्स्ट केलंत तर तोच गोल गोल फेरा. मजकुराप्रमाणे बॉक्स लहानमोठा करायचा असेल तर ठीक, इथे उपयोग नाही.

जुनाच_एमएफसीवाला:
भाच्या, टाइप करताना स्वल्पविराम हा नादच सोड. मी वीस वर्षं हेच करतोय आणि माझं मत पक्कं झालंय की माणूस लिहीत असताना त्याच्या हातातलं ओढून घेऊ नये. ईएन_किलफोकसला, म्हणजे तो पुढच्या बॉक्सवर गेला की, एकदाच फॉरमॅट कर आणि ईएन_सेटफोकसला, म्हणजे परत बॉक्समध्ये आला की, स्वल्पविराम काढून टाक.

नको ती अक्षरं अडवायची असतील तर सेटविंडोसबक्लास लावून (म्हणजे बॉक्सचे मेसेज आधी तुझ्या फंक्शनकडे येतील) डब्ल्यूएम_चार, म्हणजे टाइप केलेल्या अक्षराचा मेसेज, बघ. इथे सगळे एक चूक करतात, आकडा नसेल तर गिळायचं असं लिहितात आणि मग बॅकस्पेस बंद पडतं, कारण बॅकस्पेससुद्धा डब्ल्यूएम_चार म्हणूनच येतं, कोड ८. कंट्रोल सी म्हणजे ३, कंट्रोल व्ही २२. तेव्हा ३२ च्या खालचं सगळं डेफसबक्लासप्रॉककडे, म्हणजे बॉक्सच्या मूळ कोडकडे, मुकाट्याने जाऊ दे. राइट क्लिक करून केलेलं पेस्ट मात्र डब्ल्यूएम_पेस्ट म्हणून येतं, ते वेगळं पकड, नाहीतर कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवरून "रु. ५००/- फक्त" चिकटवणारच. ईएस_नंबर या फक्त आकडे घेणाऱ्या स्टाइलच्या भरवशावर राहू नकोस, तिला दशांशचिन्हही चालत नाही, पैसे कुठे लिहिणार?

मराठी आकड्यांचं सोपं आहे. युनिकोडमध्ये ० ते ९ हे २४०६ ते २४१५ वर आहेत, त्यातून २३५८ वजा केलेस की इंग्रजी आकडा मिळतो, तो डब्ल्यूपॅराममध्ये (मेसेजसोबत अक्षराचा कोड येतो तिथे) घालून पुढे पाठव. फक्त विंडो युनिकोडवाली हवी, जुन्या, युनिकोड नसलेल्या एएनएसआय विंडोत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

यार्डातला_भाचा:
काका, किलफोकसवालं जमलं, मराठी आकडे पण! पण मामा शेवटच्या बॉक्समध्ये एंटर दाबतो आणि स्वल्पविराम न पडताच बिल सेव्ह होतंय. आणि रक्कम रिकामी असेल तर किलफोकसमध्ये मेसेजबॉक्स दाखवतोय, तर "रद्द करा" दाबलं तरी आधी तोच येतो आणि कर्सर कुठेतरी हरवतो.

जुनाच_एमएफसीवाला:
डायलॉगमध्ये एंटर दाबला की थेट आयडीओके (ओके बटण दाबल्याची सूचना) येतं, फोकस हलतच नाही, मग किलफोकस येणार कुठून. बिल सेव्ह करायच्या फंक्शनमध्ये तीच तपासणी परत लाव. मामाला एंटरने पुढच्या बॉक्सवर जायचं असेल (दुकानदार सगळे तसंच करतात, टॅब कोणाला माहीत नसतो) तर आयडीओकेमध्ये गेटफोकसने कर्सर कुठल्या बॉक्सवर आहे ते बघून डब्ल्यूएम_नेक्स्टडीएलजीसीटीएल हा पुढच्या बॉक्सवर नेणारा मेसेज पाठव. आणि फोकस जात असताना मेसेजबॉक्स कधीही नाही, तो स्वतःच फोकस ओढतो. डब्ल्यूएम_अ‍ॅप + १ असा आपला मेसेज पोस्टमेसेजने (रांगेत, नंतर पोहोचेल असा) टाक आणि तो आल्यावर बोल, त्याआधी फोकस रद्दच्या बटणावर गेलाय का तेवढं बघ. खरं तर बॉक्सशेजारी लाल अक्षरात "रक्कम भरा" लिहिलंस तरी भागतं.

यार्डातला_भाचा:
लाल अक्षरंच टाकली. मामाने बघितलं आणि म्हणाला, एवढं मोठं कशाला, मला चष्म्याशिवाय पण दिसतंय.