मॉरिशसला गणपतीची सुट्टी असते का?

प्रश्न: नोकरीसाठी पोर्ट लुईला जातेय. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते म्हणे. खरं की कुणाची थाप?

उत्तर: अगदी खरं, ताई! सहा वर्षं इथेच आहे. शेजारच्या मराठी घरात आपसात क्रिओल (इथली फ्रेंचवरून आलेली बोली) चालते, पण आरतीला उभे राहिले की ‘सुखकर्ता’ तोंडपाठ. पहिल्या वर्षी मीच मध्ये अडखळलो.

पण कॅलेंडरवरच्या सुट्टीच्या दोन तारखा आधी बघा. १ फेब्रुवारी, १८३५ साली गुलामगिरी संपली तो दिवस. आणि २ नोव्हेंबर, कारण १८३४ मध्ये त्या दिवशी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ भारतीय करारबद्ध मजूर उतरले. उसाच्या मळ्यांसाठीच आणलेले. असे मजूर जिथे उतरवले जायचे, त्या बंदरावरच्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या जरूर चढा, मोजून सोळा आहेत.

प्रश्नकर्ती: आणि १२ मार्च?

उत्तर: १९६८चं स्वातंत्र्य, १९९२चं प्रजासत्ताक. दोन्ही एकाच तारखेला, म्हणजे एक सुट्टी बुडालीच की!

दुसरे एक: महाशिवरात्रीलाही सुट्टी. गंगा तलाव या इथल्या पवित्र तळ्याकडे लोक पायी जातात, त्या दिवसांत गाडी काढू नका.