मदत हवी आहे: पाळकाने दिवसात आधी काय हाती घ्यावं?

दर्यावर्दी:
सर्वांना जय ख्रिस्त.

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका लहान मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक (धर्मगुरू) आहे. बदली होऊन इथे नवीनच आलोय. घरं मोजकी, पण विखुरलेली. काही बंदराच्या अंगाला, काही वर आंबा-काजूच्या बागांकडे, काही पार कुडाळपर्यंत.

सकाळी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसावं तर दारात कोणीतरी उभं असतं. कोणाच्या वडलांना गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात न्यायचंय, सोबतीला माणूस नाही. कोणाला शाळेसाठी बाप्तिस्म्याचा दाखला आजच्या आज हवाय. कोणाचा मुलगा गोव्यात कामाला आहे, त्याचा फोन लागत नाही. यातलं एकही काम खोटं किंवा फुकटचं नाही, म्हणून तर अडचण आहे. दुपार होते, मग घरभेटी, संध्याकाळी प्रार्थना सभा, आणि रविवारचा संदेश (प्रवचन) शनिवारच्या रात्रीवर जातो. नुकताच नवरा गेलेली मंडळीतली बहीण रविवारी समोर बसलेली असते. तिला वचनातून आधार मिळावा असं वाटत असेल तर त्या वचनासोबत मला आठवडाभर राहायला हवं.

पहाटे लवकर उठा, असं सगळेच सांगतात. मी उठतो. प्रभू येशू मोठ्या पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला गेला, हे मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहेच. मला त्याच्या पुढचं जास्त विचारात पाडतं. त्याचा शिष्य शिमोन आणि सोबतचे त्याला शोधत येतात, सगळे तुला शोधताहेत म्हणतात, आणि तो म्हणतो, चला, आसपासच्या गावांत जाऊ. आदल्या संध्याकाळी कफर्णहूमात सगळं गाव दाराशी लोटलं होतं. तरी तो निघाला. कारणही सांगतो, की उपदेश करायला मी आलोय. आपलं काम कोणतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

माझं विचारणं असं: आलेल्या कामातलं माझं कोणतं आणि दुसऱ्याकडे द्यायचं कोणतं, हे तुम्ही कशावरून ठरवता? आणि दुसऱ्याकडे पाठवलेला माणूस दुखावू नये म्हणून काय करता? इथे ‘पाळकसाहेबच आले पाहिजेत’ ही भावना फार आहे. त्या प्रेमाचा मला अनादर करायचा नाही.

ओटीवरून:
भाऊ, सलाम. माझे यजमान रत्नागिरीकडे पाळक होते, आता निवृत्त आहेत. त्यांच्या सेवेतलं सांगते.

बायबलात निर्गमच्या अठराव्या अध्यायात सासरा इथ्रो मोशेला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला सांगतो, हे आपण नेहमी ऐकतो. पण तो काय म्हणतो ते नीट बघा. तूही थकशील आणि हे लोकही थकतील. लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशेसमोर ताटकळत उभे असायचे. सगळं एकट्याकडे ठेवलं की त्रास आधी लोकांनाच होतो.

दाखल्यांसाठी आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा आणि उपासनेनंतरच्या सूचनांत सांगा. हे सोपं आहे, लोक पटकन रुळतात. माणसं दुसऱ्याकडे पाठवणं अवघड. त्याला आमच्या यजमानांनी एक केलं. काम घेऊन आलेल्याला ते ‘अमक्याकडे जा’ असं कधी सांगत नसत. पहिल्या वेळी स्वतः ते काम सोपवलेल्या मंडळीतल्या वडिलांच्या (ज्येष्ठ सेवकाच्या) घरी घेऊन जायचे, ओटीवर बसायचे, चहा व्हायचा, त्याच्यासमोर सगळी हकिगत सांगायचे आणि तिथेच प्रार्थना करून उठायचे. दुसऱ्या वेळी तो माणूस थेट त्या घरी जायचा. पहिला अर्धा तास खर्च होतो खरा, पण आपल्याला टाळलं असं कोणाच्या मनात राहत नाही.

सुकाणू:
पाळकसाहेब, मी मालवणचा, आमचं घर मासेमारीतलं. बंदराकडच्या घरांसाठी घड्याळाबरोबर तिथीही बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. भरती रोज पाऊणएक तास पुढे जाते. ज्यांच्या होड्या खाडीतून बाहेर पडतात त्यांचा दिवस हिच्यावर चालतो, आणि दर मंगळवारी चार वाजता म्हणून ठरवलेली भेट तिथे कधीच जमत नाही. पुरुष समुद्रावर असतील ती सकाळ तुमच्या अभ्यासाला ठेवा. लिलाव आटोपून, जेवून माणूस घरी टेकला की मग जा.

आणि लांबलचक बसणं, बायबल अभ्यास, नवराबायकोतले मिटवायचे विषय जून-जुलैसाठी राखा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, माणसं घरात सापडतात. पैसा आटलेला असतो, तेव्हा कोणी येऊन बसलेलं फार बरं वाटतं. एप्रिल-मेमध्ये नवीन काही काढू नका. बागवाले आंब्यात, बाकीचे लग्नांत आणि मुंबईहून आलेल्या पाहुण्यांत.

वसईकर_सेवक:
मी कॅथलिक, प्रापंचिक, म्हणजे फादर नव्हे, पण पॅरिशच्या (आमच्या चर्चच्या) कामात असतो. आमच्या फादरांना दिवसाच्या ठरावीक वेळांची प्रार्थना बंधनकारक असते, आणि लोकांना ते ठाऊक असतं. त्यामुळे त्या वेळी थांबवलं तर कोणी राग धरत नाही. तुम्हीही तुमची वेळ उघड सांगून टाका. पाळक आत काय करतात हे माहीत नसलं की ते मोकळेच आहेत असं लोक धरतात.

ओटीवरून ताईंच्या म्हणण्यात एक भर घालतो. मरणाच्या दारात असलेल्याकडे मात्र स्वतःच जा, वेळ कोणतीही असो. तिथे बदली माणूस चालत नाही.

दर्यावर्दी:
तिघांचेही मनापासून आभार. चहाची गोष्ट वाचून मोठा गुंता सुटला. दाखल्यांना बुधवार संध्याकाळ ठरवतो. सकाळी दहापर्यंत शास्त्र आणि प्रार्थना, हे रविवारी सगळ्यांसमोर सांगेन, आणि शेवटच्या आजारातल्या माणसासाठी ते मोडेन, हेही सांगेन.

काल रात्री प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा पुन्हा वाचला. रोजच्या अन्नवाटपात दुर्लक्ष होतं ही तक्रार ग्रीक बोलणाऱ्या विधवांबद्दल होती, आणि त्या कामासाठी निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणून बंदराकडची जबाबदारी बंदराकडच्याच माणसांना द्यायचा विचार आहे. मंडळीत एक निवृत्त परिचारिका आहेत, बांबोळीच्या रुग्णांसोबत जायला त्या तयार आहेत.

आता एवढंच विचारायचंय: सोबत जाणाऱ्याचा गाडीभाड्याचा आणि जेवणाचा खर्च तुमच्याकडे कशातून होतो? दशांशातून (लोक मंडळीला देतात त्या उत्पन्नाच्या दहाव्या भागातून), की वेगळा साहाय्य निधी ठेवता? पास्टोरेट कमिटीची (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीची) बैठक जवळ आली आहे, तिथे ठराव मांडायचा आहे. कोणाकडे आधी केलेल्या ठरावाचा मसुदा असेल तर तोही चालेल.